आईच्या हातचे दहा गुलाब

समजा, तुम्हाला एका खोलीत नेऊन बसवलं. खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन रणरणत असो की बोटं गारठत असोत, भिंतीवरचा थर्मामीटर आपला वीसवर. दिवा सकाळी सातला आपोआप लागतो आणि संध्याकाळी सातला आपोआप विझतो. लांबलचक टेबलांवर पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या मांडल्या आहेत आणि प्रत्येक बरणीत एकच फूल आहे. जवळच कात्री आहे, साखर आहे, नळाला पाणीही आहे. आणि तुमच्या डोळ्यांदेखत एक फूल मान टाकायला लागलंय. त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. आता सांगा, हात मांडीखाली दाबून तुम्ही किती वेळ बसाल? पाच मिनिटं? दहा?

भिंगरी चार दिवस बसली होती. पाचव्या दिवशी काय झालं, ते ऐका.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून आत्याने ते ठेवलं, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. वय वर्षं नऊ. ती खोली आत्याच्या कामाची. मळ्यांवरची फुलं दुकानांत जाण्याआधी त्यांतली काही या खोलीत येत. गिऱ्हाइकाने घरी नेलेलं फूल टेबलावर किती दिवस टिकेल, हे आत्या पाहून सांगायची. गुलाबाची नवी जात असली की बारा दिवसांची परीक्षा. पहिल्या दिवशी दहा फुलांचे देठ कापायचे, दहा बरण्यांत पाणी भरायचं, आणि त्यानंतर बोटसुद्धा लावायचं नाही. रोज दुपारी चार वाजता फक्त बघायचं आणि तक्त्यात लिहायचं: मान ताठ, मान कलली, मान पडली. बाराव्या दिवशी दहातली आठ फुलं उभी असली तर जात पास.

"पाणीसुद्धा बदलायचं नाही?" भिंगरीने पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही. हे इस्पितळ नाही गं, परीक्षेचा हॉल आहे. परीक्षेत तुझ्या बाई तुला उत्तरं सांगतात का?"

"बाई नाही सांगत. शेजारची सांगते."

"ती शेजारची कोण, ते नंतर बघते. इथे कुणी शेजारच्याला काही सांगत नाही, म्हणून तर मला ही जागा आवडते."

बरण्या काचेच्या का नाहीत, हेही आत्याने तिला सांगितलं होतं. काचेतून पाणी गढूळ दिसलं की मन आधीच म्हणतं, हे फूल जाणार. मग डोळे तेवढंच बघत बसतात. म्हणून बरणीच्या काठाच्या वर जे दिसतं तेवढंच बघायचं.

आता भिंगरी रोज या खोलीत का, तर घरी कुणी नसायचं. बाबा छापखान्यातून सातला यायचे. आणि आई फुलांच्या मळ्यावर होती. मळा दूर डोंगरात, जायला दीड दिवस लागायचा. तिथे कापलेली फुलं निवडायची, देठ सारखे करायचे, जुड्या बांधायच्या, हे तिचं काम. चार महिन्यांसाठी म्हणून ती गेली होती. आता सातवा महिना चालू होता. रविवारी फोन यायचा, तोही वारा कमी असला तर.

भिंगरीला आईची आठवण यायची ती अवचित कुठेतरी. वेणी घालताना बाबांचा हात अडखळला की यायची. शाळेतून परतताना कोपऱ्यावर आपोआप धाव सुटायची, आणि चार पावलं गेल्यावर आठवायचं की धावून उपयोग नाही. बाबा आपल्या परीने सगळं करत. स्वयंपाकही करत. एक दिवस मीठ विसरायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करायचे.

ज्यांची परीक्षा संपली त्या फुलांवर मात्र आत्या तिला हवं ते करू द्यायची. दाराबाहेरच्या छोट्या टेबलावर त्यांची शाळा भरे. तिथे भिंगरी शिकली, की देठ पाण्यात बुडवूनच कापायचा, आणि तिरका.

"तू नळीने सरबत पितेस ना? मध्येच बुडबुडा आला तर काय होतं?"

"सुर्रकन आवाज येतो आणि सरबत तोंडात येत नाही."

"देठाचंही तेच. हवेत कापलास तर बुडबुडा आत शिरतो आणि पाणी वर चढत नाही. फूल पाण्यात उभं राहून तहानेनं मान टाकतं."

पाण्याखाली येणारं पान काढून टाकायचं, कारण ते कुजतं आणि देठाची तोंडं बुजवतं. साखर म्हणजे फुलाचं जेवण, पण नुसती साखर घातली तर जंतूंची मेजवानी, म्हणून लिंबाचे चार थेंब. पाणी कोमट हवं, आणि दर दोन दिवसांनी बदलायचं. भिंगरी एकदा केळं खात खोलीत शिरली, तर आत्याने ते हातातून काढूनच घेतलं.

"फळ पिकताना त्यातून एक वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने फुलं लवकर म्हातारी होतात."

"मग मी केळं खाल्लं तर माझ्या पोटातून पण वायू निघेल?"

"निघेल. पण त्याने फुलं नाही मरत, माणसं पळतात."

दोघी इतक्या हसल्या, की त्या दिवशी चारची नोंद सव्वाचारला झाली.

मग एका रविवारी आईचा फोन आला. आवाज विहिरीतून यावा तसा. "ऐक, या आठवड्यात बावन्न नंबरचा गुलाब तुझ्या आत्याकडे येतोय. नवीन आहे, जर्दाळूच्या रंगाचा. आत्याची जुडी मीच बांधलीय. साहेब म्हणालेत, बावन्न पास होऊ दे, मग तुझ्या रजेचं बोलू."

"म्हणजे तू येणार?"

"बघू. माझी फुलं उभी राहू देत आधी."

भिंगरीने यातलं रजेचं आणि फुलं उभी राहण्याचं तेवढं लक्षात ठेवलं. मधलं 'बघू' तिने सोडून दिलं.

सोमवारी मळ्याच्या गाडीवाल्या काकांनी खोकं आणलं. आत्याने कागद उलगडला. भिंगरी इतकी जवळ सरकली, की आत्याला कोपर हलवता येईना. देठांवरचे खालचे काटे चोळून काढलेले होते, जुडी धरताना दुसऱ्या कुणाला टोचू नयेत म्हणून. काट्यांच्या जागी छोटे गुळगुळीत वण राहिले होते. भिंगरीने त्यावर अंगठा टेकवला. इथे आईचा अंगठा होता. परवा, नाहीतर तेरवा. सात महिन्यांत आई इतकी जवळ कधी आली नव्हती.

"झालं का? कापू दे मला," आत्या म्हणाली. पण ती लगेच कापायला लागली नाही.

पहिले चार दिवस दहाही गुलाब ताठ होते. पाचव्या दिवशी भिंगरी शाळेतून आली आणि चार नंबरच्या बरणीपाशी थबकली. त्या फुलाची मान कलली होती. कुणी हाक मारली की वळून खाली बघावं, तशी. पाकळ्या अजून ताज्या होत्या. फक्त मान.

तेवढ्यात बाहेर गाडी आली. आत्या खोकी उतरवून घ्यायला गेली. भिंगरी हात मांडीखाली घेऊन बसली. हात शिवशिवत होते. तिने दुसरीकडे बघायचं ठरवलं, तर सगळीकडे आईच्याच हातची फुलं. एक पडलं, उद्या दुसरं पडेल, मग साहेब म्हणतील, कसली रजा?

ती उठली. बरणी नळाखाली धुतली, कोमट पाणी घेतलं, देठ बुडवून नखाएवढा तिरका कापला, साखर, लिंबाचे चार थेंब. पाणी होतं तेवढंच भरलं. सगळं आत्याने शिकवलं होतं तसंच, नीट, न सांडता. आत्या परत आली तेव्हा ती पाढे लिहीत होती.

दुसऱ्या दिवशी चार नंबरने मान उचलली होती.

एकदा मांजराला दुधाचं भांडं सापडलं की ते कशाला दुसरीकडे जाईल? सातव्या दिवसापासून भिंगरीने दर दोन दिवसांनी दहाही बरण्या तशाच केल्या. आत्या गाडीशी असे किंवा फोनवर असे, तेवढ्या वेळात. एवढं काम तिने घरच्या अभ्यासात कधी केलं नव्हतं. आणि आत्या? ती चार वाजता यायची, तक्ता घ्यायची, दहा वेळा 'ताठ' लिहायची आणि झटकन निघून जायची. एरवी एकेका फुलाभोवती तीन प्रदक्षिणा घालणारी आत्या बावन्न नंबरपाशी थांबतच नव्हती. भिंगरीला वाटलं, बरंच झालं.

बारावा दिवस उजाडला. दहापैकी दहा उभे. आत्याने तक्त्याखाली 'पास' लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. भिंगरी एका पायावर गिरकी घेणार, तेवढ्यात गाडीवाले काका दारात डोकावले.

"काय ताई, बावन्नचं काय झालं?"

"पास."

"पास? मग काय, मळ्यावर मजाच! दोन नवे शेड उभे राहणार. आणि ज्यांचा हात बसलाय, त्यांना पुढच्या हंगामापर्यंत सोडत नाहीत बघा. मी सांगतो ना, उलटं झालं असतं तर महिनाअखेर मळा बंद करून सगळ्यांना घरी पाठवणार होते."

आत्याने डोळे वटारले. काकांना ते जरा उशिरा दिसलं.

"आणि रजा?" भिंगरीने विचारलं.

"रजा कसली पोरी! आठ दिवस देतील. त्यातले तीन जाण्यायेण्यात गेले, तर घरात चपला काढेपर्यंत..." काकांनी आत्याकडे पाहिलं. "मी निघतो. उद्या संध्याकाळी येतो, तेव्हा तक्ता द्या. वर डोंगरात साहेबांकडे पोचवतो."

ते गेले. आत्या टेबल पुसायला लागली. ते पुसलेलंच होतं.

भिंगरी दहा बरण्यांपुढे जाऊन उभी राहिली. जे गुलाब उभे राहावेत म्हणून तिने एवढा आटापिटा केला, तेच आता आईला तिकडे धरून ठेवणार होते. आपल्या हातानेच आपण आईची वाट अडवली. तिने चार नंबरकडे पाहिलं. तो ताठ उभा होता, शहाण्यासारखा.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबा, एखादी गोष्ट खरी सांगितली आणि त्यात आपलाच फायदा असला, तर तो खरेपणा असतो का?"

बाबांनी घास थांबवला. "उदाहरण दे."

"उदाहरण नाही देता येत."

"मग मीठ दे."

तिने मीठ दिलं. बाबांनी ते आमटीत ढवळलं. मग म्हणाले, "कुणाला सांगायचंय?"

"आत्याला."

"आत्या चावत नाही. लहानपणी चावायची."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी खोलीत आली आणि दप्तर न काढताच बोलून मोकळी झाली. एका दमात, पहिल्या कापापासून शेवटच्या थेंबापर्यंत.

आत्या स्टुलावर बसली. "किती वेळा?"

"चार वेळा. पहिल्यांदा एकच, मग दहाही."

"लिंबू किती?"

"चार थेंब."

"पाण्याखाली कापलास?"

"हो. तिरका."

आत्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते ओळखणं अवघड होतं. ओठ आवळलेले होते, पण एका कोपऱ्यातून सुटू बघत होते. "शिकवलं मी, शिकलीस तू," ती म्हणाली. "रागावू कुणाला?"

"मग आता बावन्न फेल ना?" भिंगरीने घाईने विचारलं. "आई येणार ना?"

"फेल कसा?"

"चार नंबर पडत होता!"

"एक कलला होता. दोन पडले तरी पास होतो. बाकीच्या नऊंचं काय झालं असतं, ते तुला ठाऊक आहे? मला? ते आता कुणालाच कळणार नाही." आत्याने तक्ता पुढे ओढला आणि 'पास' वर आडवी रेघ मारली. "परत करायचं. नवी फुलं, नवे बारा दिवस."

भिंगरीला रडू आलं. खरं सांगितलं तर आई येईल, हे तिने रात्रभर मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. आता ना येणार, ना न येणार. नुसतंच परत थांबायचं.

आत्याने तिचं दप्तर उतरवलं. "आता माझं ऐक. पास झाला तर वहिनीला अडकवतात, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मलाही ती घरी यायला हवीय. तुझ्या बाबाच्या हातचं खाऊन खाऊन मी एक दिवस आडवी होणार. रोज चार वाजता वाटायचं, एखादी मान जराशी कललेली दिसावी. आपला हात तसं लिहून जाईल, या भीतीने मी नीट बघितलंच नाही. धावत यायचं, 'ताठ' लिहायचं आणि पळायचं. नीट बघितलं असतं ना, तर सातव्या दिवशीच तुला पकडलं असतं."

"म्हणजे तूपण कॉपी केलीस?"

"मी पेपरच वाचला नाही. ते जास्त वाईट."

मग आत्याने तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज इतका चढला, की आत्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला, आणि भिंगरीला सगळं ऐकू आलं. बारा दिवस वाया, मळ्यावरचे लोक खोळंबले, काम असं करतात का. आत्या प्रत्येक वाक्याला "हो, चूक माझी" म्हणत होती. भाचीचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही.

रविवारी वारा कमी होता. भिंगरीने आईला सगळं सांगितलं. 

"दहाही उभे ठेवलेस?" आईने विचारलं. "बारा दिवस?"

"हो."

"अगं वेडे," आई म्हणाली. "पुन्हा असं करू नकोस हं. आत्याच्या नोकरीवर बेतलं असतं."

"नाही करणार. आई, तुला काय हवंय? पास व्हावा की फेल?"

"मला?" आई जराशी हसली. "सात महिने हीच फुलं हातात घेतेय मी. कळी कधी कापायची, हे इथे माझ्याएवढं कुणाला कळत नाही, माहितीये? ती उभी राहायला हवीत असं वाटतं गं. आणि मला घरी यायचंय. सकाळी उठल्यावर पहिलं तेच वाटतं. दोन्ही हवंय. कुणाला सांगितलं तर हसतील."

"मी नाही हसत."

"तू जेवतेस ना नीट?"

"बाबा करतात ते खाते."

"म्हणजे नाही," आई म्हणाली, आणि तेवढ्यात वारा सुटला.

मंगळवारी काकांनी दुसरं खोकं आणलं. या वेळी कागदात बारा गुलाब होते. आत्याने दहा देठ कापून बरण्यांत ठेवले. दोन उरले.

"हे दोन परीक्षेत नाहीत," आत्या म्हणाली. "हे तुझे. यांचं जे काय करायचंय ते कर. पण त्या दहांना..."

"कळलं."

भिंगरीने दोन्ही गुलाब हातात घेतले आणि दहा बरण्यांकडे पाहिलं. चार नंबरमध्ये आता दुसरंच फूल होतं, पण तिला ते तेच वाटलं. पाचव्या दिवशी ते मान टाकेल, किंवा टाकणार नाही. तशी तिघांनी टाकली तर आई येईल. न टाकली तर आईच्या हाताची कमाल. आणि आपण इथे बसून असलो, तर पहिल्या दिवसापासून आपल्याला काहीतरी एक हवं असणार, आणि आपले डोळे त्या दहांना एकटं सोडणार नाहीत.

"आत्या, ते स्टूल मी बाहेर नेते. बारा दिवस मी बाहेरच बसेन."

"बाहेर गरम होईल."

"होऊ दे. आणि चार वाजता तू काय लिहिलंस, ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. मी फार मागे लागले तरी."

"तू मागे लागलीस तर मला जड जाईल गं."

"मग तू पण जरा हात मांडीखाली घेऊन बस."

तिने एका हातात दोन गुलाब धरले आणि दुसऱ्या हाताने स्टूल ओढत बाहेर नेलं. छोट्या टेबलाशी ते नीट मांडलं, भिंतीकडे तोंड करून. मग परत वळली. आत आत्या तक्त्यावर पहिल्या दिवसाची तारीख घालत होती, आणि या वेळी एकेका फुलापाशी वाकून, वेळ घेऊन बघत होती. भिंगरीने एकदाच, डोळे भरून, त्या जर्दाळूच्या रंगाकडे पाहिलं. आणि दार खांद्याने ढकलून, कडी खट् वाजेपर्यंत, स्वतःच लावून घेतलं.